सुहासिनीबाईंची सीट

सुहासिनी मुजुमदारांची उंची चार फूट नऊ इंच. हा आकडा त्यांनी आयुष्यात एकदाच खरा सांगितला, कारखान्यात नोकरीला लागताना, आणि तोही डॉक्टर पट्टी घेऊन समोर उभा होता म्हणून. एरवी कोणी विचारलं की पाच फूट. वर मान अशी ताठ करतात की पुढे काही विचारायची कोणाची टाप नाही.

उंचीचं एवढं पुराण कशाला, तर पुढचा सगळा घोळ त्या उंचीपायीच झाला. बाई मूळच्या अमरावतीच्या. बाविसाव्या वर्षी झाशीला आल्या, शहराबाहेरच्या सरकारी कारखान्यात, जिथे विजेचे भलेमोठे ट्रान्सफॉर्मर बनतात. तिथे कंट्रोल पॅनलच्या वायरिंगवर त्यांनी तेहेतीस वर्षं काढली. शेकडो वायरींच्या जंजाळात नेमकी गडबड कुठे आहे ते हुडकायचं, हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लग्न झालं दीनानाथ मुजुमदारांशी. हे झाशीचे जुने मराठी. पूर्वज कधीकाळी दप्तर सांभाळायला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि डोकं तापलं की बुंदेली. दीनानाथ पोस्टात होते. सायकलीपलीकडे त्यांनी काही चालवलं नाही.

त्यामुळे बाईंचा निम्मा जन्म 'कुणी सोडेल का मला?' एवढ्या एका वाक्यात गेला. कारखान्याची बस चुकली, कुणी सोडेल का. हातात भाजीच्या पिशव्या, कुणी सोडेल का. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न, पंगत रंगात आलेली, पण सोडणाऱ्याला घाई म्हणून ताटावरून उठायचं. ते वाक्य बोलताना आपला आवाज बारीक होतो, याची त्यांना मनस्वी चीड होती. निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात ड्रायव्हिंग क्लासात जाऊन बसल्या. शिकवणारा म्हणाला, "माताजी, छोटी गाड़ी लीजिए." माताजींनी जुनी, पांढरी आणि चांगली उंच गाडी घेतली. का, तर तिच्या ड्रायव्हरच्या सीटला बाजूला एक स्विच होता. तो वर उचलून धरला की सीट वर जायची. बाई बसल्या, स्विच उचलला, सीट घूं करत वर गेली आणि बॉनेटच्या पलीकडचा रस्ता दिसला. तिथेच सौदा पक्का.

पुढची अडीच वर्षं बाईंनी झाशी पालथी घातली. लक्ष्मी गेटच्या गर्दीत गाडी घालून दाखवली. मैत्रिणींना गोळा करून कधी किराण्याला, कधी डॉक्टरकडे, कधी नुसतंच चाट खायला. सिव्हिल लाइन्समधले शेजारी तर म्हणायचे की गाडी आपोआप चालतेय असं वाटतं, ड्रायव्हर दिसतच नाही. बाई हसायच्या. लोक बघतात हेच त्यांना आवडायचं, खोटं कशाला बोला!

आणि मग परवाच्या मे महिन्यात मुलगा जयदीप आणि सून शिवांगी पुण्याहून आठ दिवसांसाठी आले. जयदीप बापावर गेलेला, सहा फुटी. पहिल्याच सकाळी गाडी घेऊन निघाला, सीट पार तळाला नेली, आणि परत आल्यावर सीट काही वर येईना. खाली जायचा स्विच दाबला की हलकीशी हालचाल, वर उचलला की नुसती घुरघुर. एका वर्कशॉपात दाखवलं. तिथला मुलगा सीटखाली डोकावला, मान हलवली आणि म्हणाला, मोटरचे दाते झिजलेत, खालचा सगळा सांगाडा बदलावा लागेल, माल दिल्लीहून, तीन आठवडे तरी.

"तीन आठवडे!" बाई कडाडल्या. "अरे, मी काय तोवर घरात लोणचं घालत बसू?"

आणि घातल्या दोन उशा बुडाखाली, निघाल्या बाजाराला. शेजारी जयदीप. इलाइट चौराह्यावर एक टेम्पो आडवा आला, बाईंनी ब्रेक मारला, आणि उशा सरकल्या पुढे. उशांबरोबर बाईही. हनुवटी स्टिअरिंगला लागली आणि समोरचं काही दिसेनासं झालं. कोणाला खरचटलंही नाही, पण जयदीपचा चेहरा पांढरा पडला. त्यावर तो बोलला शनिवारी, जेवताना.

"आई, मी गाडी विकायची बोललोय. नगरा मोहल्ल्यात शिवांगीच्या पप्पांच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. उद्या नऊ बजे बघायला येतायत."

बाईंचा घास हातातच राहिला. "कोणाला विचारून?"

"तू परवा स्टिअरिंगच्या खाली गेली होतीस, आई! मी तिकडे पुण्यात बसून रोज तेच बघत राहू का डोळ्यांसमोर? टॅक्सी आहे, रिक्षा आहे. कशाला तो ताप?"

त्याला आईची काळजी होती, हे बाईंना कळत होतं. म्हणून तर जास्त वाईट वाटलं. भांडण असतं तर त्या जिंकल्या असत्या. त्यांनी दीनानाथांकडे पाहिलं. ते खाली मान घालून ताकात भात कालवत होते. कोणाचीच बाजू न घेता कालवत होते.

"सीट वर आली तर?" बाईंनी विचारलं.

"तर काय, प्रश्नच नाही. पण ती येणार नाही."

"उद्या नऊच्या आत सीट वर आली, तर त्या गृहस्थाला तू परत पाठवायचं. तुझ्या तोंडाने. ठरलं?"

जयदीप हसला. "ठरलं."

दुपारभर झाशीचं ऊन असं तापलेलं असतं की गाडीच्या दाराला हात लावला तर फोड यावा. त्यामुळे काम पहाटेवर गेलं. रविवारी साडेपाचला बाई जुना पंजाबी ड्रेस घालून पोर्चमध्ये हजर. बरोबर कारखान्यातून निरोपाच्या वेळी मिळालेली हत्यारांची पेटी. मदतीला शिवांगी. ही मुलगी झाशीचीच, माहेर नगऱ्यात, घरी हिंदी आणि बुंदेली. मराठी ती लग्नानंतर शिकली आणि अगदी जीव लावून शिकली. सासूला 'आईजी' म्हणते. पुण्यात लोक त्यावर हसतात, बाईंना मात्र तो 'जी' फार गोड लागतो.

"आधी विचार, मग पेचकस," बाई म्हणाल्या. "सीट खाली जाते ना? म्हणजे फ्यूज शाबूत. मोटरही जिवंत. वर न्यायला आणि खाली आणायला मोटर एकच असते, फक्त करंट उलटा फिरवायचा. मग वरच जात नाही, याचा अर्थ काय?"

"स्विच खराब?"

"शाब्बास. बघू या."

त्या मागच्या बाजूने आत शिरल्या, आडव्या झाल्या आणि सीटखाली डोकं घातलं. उंची कमी असल्याचा फायदा असा की आख्ख्या मावल्या. मोटरची वायर काढून तिला टेस्ट लॅम्प लावला. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरी आणि एक बारका दिवा, बस. शिवांगीने पुढे बसून स्विच वर उचलला, दिवा लागला. खाली दाबला, दिवा लागला. दोन्ही वेळा लख्ख.

बाईंनी दिवा बाजूला ठेवला. दोन्हीकडे दिवा लागतोय म्हणजे स्विच निर्दोष. मग वर्कशॉपातला तो मुलगा बरोबर होता. दाते झिजलेत, मोटर वर ओढताना दम टाकते. तेहेतीस वर्षं लोकांचे फॉल्ट काढले आणि स्वतःच्या गाडीपाशी असं तोंडघशी पडायचं! साडेसहा वाजून गेले होते. पोर्चच्या पायरीवर जयदीप चहा घेऊन बसला होता. बिचारा नजर चुकवून चहात बिस्किट बुडवत होता, आणि तेच बाईंना टोचत होतं.

"एकदा कान लावून बघते," त्या पुटपुटल्या. वायर परत मोटरला जोडली, कान सांगाड्याला टेकवला. "शिवांगी, वर कर!"

शिवांगीने स्विच वर उचलला. घुर्र. सीट ढिम्म.

"आता सीट खाली कर!"

एवढं म्हणायचा अवकाश, शिवांगीने टुणकन बाहेर उडी मारली. तिची तरी काय चूक? जन्मभर ट्रेनमध्ये, बसमध्ये 'सीट खाली कर' ऐकलं ते हिंदीत, आणि हिंदीत त्याचा अर्थ एकच, ऊठ, जागा मोकळी कर. त्यात सासूबाई विजेच्या वायरीत डोकं घालून ओरडलेल्या. तिला वाटलं शॉकबिक बसतोय की काय! ती उठली, पण तिची बोटं स्विचवरच राहिली. वर उचललेला स्विच सोड, असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि बाईंच्या कानाशी मोटर खरोखर फिरली. सीट बोटभर वर सरकली आणि थांबली.

"अगं, हे काय केलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, आईजी, सीट खाली कर! मी केली खाली!"

जयदीप पायरीवर चहासकट लोळायचा बाकी राहिला. शिवांगीला चूक कळली तशी तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पण बाई हसत नव्हत्या. त्या सरपटत बाहेर आल्या, केसांना जळमटं, कपाळावर काळा डाग, आणि डोळे असे चमकत होते की दीनानाथ दारातच थबकले. ही नजर त्यांच्या ओळखीची होती.

"दाते झिजले असते तर रिकामी काय नि भरली काय, घसरलीच असती," बाई म्हणाल्या. "शिवांगी बसली की हलत नाही, उठली की बोटभर हलते. म्हणजे मोटर धडधाकट आहे, तिला पोटभर मिळत नाही! अन् मी अशी गाढव, दिव्यावर विश्वास ठेवला. दिवा केवढा, सुपारीएवढा. त्याला चिमूटभर करंट पुरतो. माणूस उचलायचा तर मूठभर लागतो. स्विच दिव्यापुरता देतोय, माणसापुरता देत नाहीये. काढा तो स्विच बाहेर!"

सीटच्या बगलेतली प्लास्टिकची पट्टी निघाली, दोन स्क्रू निघाले, स्विच हातात आला. आता तो उघडायचा कसा, तर बाईंनी स्वयंपाकघरातून एक मोठी पारदर्शक पिशवी मागवली, स्विच आत ठेवला, दोन्ही हात आत घातले आणि पिशवीतच तो उघडला. टक्कन आवाज झाला आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन स्प्रिंगा पिशवीत उडाल्या. पिशवी नसती तर त्या थेट शेजाऱ्यांच्या तुळशीत सापडल्या असत्या. कारखान्यात नव्या मुलींना बाई पहिल्या दिवशी हेच शिकवायच्या.

वर जायच्या बाजूची तांब्याची पत्री पाहिली. चकचकीत. जरासुद्धा काजळी नाही.

"आता?" जयदीप जवळ आला होता. आठ वाजायला आले होते, आणि खरं सांगायचं तर त्यालाही आता उत्सुकता लागली होती.

बाईंनी पेटीतला खडू काढला आणि पोर्चच्या फरशीवर उकिडवं बसून चित्र काढलं. बॅटरी, स्विच, मोटर. बोटाने करंटची वाट धरली. बॅटरीतून निघाला, वरच्या पत्रीतून मोटरमध्ये गेला, मोटरमधून बाहेर पडला आणि परत जायला... बोट थांबलं.

"खालच्या पत्रीतून!" त्यांनी कपाळावर हात मारला. "जाताना वरच्यातून जातो, पण परत येतो खालच्यातून. आपण स्विच वर उचलतो तेव्हा खालची पत्री नुसती बसून असते, आणि तिने बसल्या जागी वाट मोकळी ठेवायची असते. तेवढंही करत नाहीये मेली!"

खालची पत्री उलटी केली. तिच्या बसायच्या बाजूला तपकिरी, चिकट थर. नखाने खरवडला तर राळेसारखा ओढला गेला. बाईंनी तो नाकाशी नेला, एकदा हुंगला, पुन्हा हुंगला. मग शिवांगीच्या नाकाशी धरला.

"इलायची?" शिवांगी चकित झाली.

"वेलदोडा. आणि गूळ. आणि कैरी," बाई सावकाश म्हणाल्या. "पन्हं आहे हे."

सगळ्यांच्या माना दीनानाथांकडे वळल्या. त्या घरात दुपारी फुलपात्रभर पन्हं पिणारा माणूस एकच होता. दीनानाथांनी आधी छताकडे पाहिलं, मग गेटकडे, मग त्यांच्या लक्षात आलं की सुटका नाही.

"तू दुपारी झोपतेस ना, तेव्हा मी जरा जाऊन बसतो गाडीत," ते म्हणाले. "तुझ्या जागेवर. गेल्या उन्हाळ्यात एकदा फुलपात्र कलंडलं. पुसलं होतं मी, बिलकुल साफ पुसलं होतं."

"पण बसता कशाला? तुम्हाला चालवायची आहे का?"

"छे छे! चालवायची भीतीच वाटते मला. नुसता बसतो. ती सीट वर करतो, खाली करतो. वर केली की कळतं, तुला तिथून काय काय दिसतं." ते पायरी उतरून जवळ आले. "तू गाडी घेऊन निघालीस की मी गेटपर्यंत येतो ना, तेव्हा तुझा चेहरा असतो ना, सुहास, तसा मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. म्हटलं, बघावं तरी बसून."

बाईंच्या तोंडात आलेली सगळी बोलणी तिथल्या तिथे विरली. राग आला होता, चांगला आला होता, पण आता तो करायचा कोणावर? त्यांनी डोळे पुसले, त्यामुळे कपाळावरचा काळा डाग गालापर्यंत पसरला.

"पुढच्या वेळी पन्हं बाहेर पिऊन या," त्या म्हणाल्या. "आणि शिवांगी, पेटीतला तो सफाईचा स्प्रे दे बघू इकडे."

स्प्रेने थर विरघळला, उरलेला झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासला. पत्री खालून गुलाबी, नवी निघाली. स्प्रिंगा जागेवर, झाकण टक्कन, स्क्रू आत. एवढ्यात गेट वाजलं. पावणेनऊच झाले होते, पण नगऱ्यातले गृहस्थ वेळेआधी आलेले. उंचेपुरे, हसतमुख, हातात मिठाईचा डबा.

"आइए आइए," बाई म्हणाल्या. "एक मिनट रुकिए, भैया." आणि त्या सीटवर बसल्या. स्टिअरिंगच्या वर फक्त त्यांचा अंबाडा दिसत होता. दीनानाथांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी स्विच उचलला.

घूं करत सीट वर आली. आधी कपाळ आलं, मग डोळे, मग तो माखलेला गाल, मग हनुवटी. शिवांगीने टाळ्या पिटल्या. दीनानाथ एक डोळा उघडून बघत होते, त्यांनी दुसराही उघडला आणि मोठ्याने म्हणाले, "वा गं माझी राणी!" पोराच्या, सुनेच्या आणि परक्या माणसाच्या देखत म्हणाले. लाजबिज काही नाही.

आता खरी गंमत. ते गृहस्थ खूश होऊन म्हणाले, "अरे, हमें तो बताया था सीट ख़राब है! ये तो एकदम फ़र्स्ट क्लास है. बस, गाड़ी हमारी हुई!"

सगळे जयदीपकडे बघायला लागले. बाई सीटवरून, वरून, नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. जयदीपने मान खाजवली, एकदा फरशीवरच्या खडूच्या चित्राकडे पाहिलं.

"माफ़ कीजिए, भाईसाहब," तो म्हणाला. "गाड़ी बेचनी नहीं है. मेरी ग़लती थी. मम्मी चलाती हैं."

गृहस्थ भले होते. रागावले नाहीत. त्यांना आत बसवून पन्हं दिलं, आणि ते दोन फुलपात्रं भरून प्यायले.

संध्याकाळी पाचच्या गाडीला मुलगा-सून निघाले. स्टेशनवर कोण नेणार, हा प्रश्नच कोणी काढला नाही. बाई किल्ली बोटावर फिरवत बाहेर आल्या. शेजारी दीनानाथ, मागे पोरं आणि बॅगा. वाटेत एक बैल आडवा आला, दोन मोटारसायकली अंगावर आल्या, बाईंनी दोन्हींचा समाचार घेतला, बैलाचा मराठीत आणि मोटारसायकलवाल्यांचा बुंदेलीत. मागच्या सीटवर जयदीप आधी पुढच्या सीटची कड धरून बसला होता. स्टेशन येईस्तोवर त्याने ती सोडली होती आणि तो शिवांगीच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत होता.

उतरल्यावर तो आईच्या पाया पडला, आणि बाई परत सीटवर बसल्या तसा खिडकीत वाकून म्हणाला, "पोचलीस की फोन कर."

बाईंना काहीतरी वेगळंच वाटलं. एवढी वर्षं त्याच्या प्रत्येक प्रवासाला हे वाक्य त्यांनी म्हटलं होतं. त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच कधी आली नव्हती.

"करते हं," त्या म्हणाल्या.

फोन काही आला नाही. पाच वाजून गेले, गाडी सुटली, ललितपूर आलं. शेवटी जयदीपनेच लावला.

"आई, दीड तास झाला! पोचलीस ना?"

"पोचले की. मघाशीच."

"मग फोन का नाही केला? बाबा कुठे आहेत? हा आवाज कसला?"

"बाबा तळ्यात पाय सोडून बसलेत. अरे, घरी नाही पोचले. आम्ही बरुआसागरला आलोय."

"बरुआसागर? आत्ता? वीस-पंचवीस किलोमीटरवर? कशाला?"

"आलं घ्यायला."

"आई, आलं आपल्या घराच्या कोपऱ्यावर नाही मिळत?"

"मिळतं ना," सुहासिनीबाई म्हणाल्या, आणि पोटभर हसल्या.